घर उचलू, मजला चढवू की प्लॉट घेऊ?

चाळीसगावहून एका ताईंचं पत्र आलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हातात पगार ५८ हजार. घर तितूर नदीपासून दोन गल्ल्या आत, स्लॅबचं, एकमजली, ७२० चौरस फुटांचं. पुढच्या खोलीत यजमानांचं मोटार वाइंडिंगचं (पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं) दुकान. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस रात्रीतून पाणी शिरलं ते तीन फुटांवर जाऊन थांबलं. फ्रीज, वॉशिंग मशीन, दिवाण, दादरच्या (ज्वारीच्या) दोन कोठ्या, तांब्याची तार असं एक लाख नव्वद हजारांचं नुकसान त्यांनी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे गेलेत आणि गच्चीवर जायला फक्त लोखंडी शिडी. मुलगी दहावी झालीय, तिला इंजिनिअरिंग करायचंय.

जूनमध्ये सात लाखांची एफडी सुटतेय. बचत खात्यात दीड लाख वेगळे आहेत. त्यांच्यापुढे तीन वाटा: जॅक लावून घर चार फूट उचलायचं (ठेकेदार साडेचार लाख सांगतो), कर्ज काढून वर दोन खोल्या चढवायच्या (बारा लाख), नाहीतर गावाबाहेर उंचावर अकरा लाखांचा प्लॉट घ्यायचा.

ताई, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, मृग तोंडावर आहे, म्हणून उत्तर आधी देतो. या पावसाळ्याआधी तिन्हीपैकी काहीही करू नका. सातातले साधारण दोन लाख घरावर खर्च करा, पाच लाखांना हात लावू नका.

आता हिशेब. ठेकेदाराच्या साडेचार लाखांत फरशी, पायऱ्या, ड्रेनेजची जोडणी, दुकानाचा रॅम्प धरलेला नसतो. ते धरून पावणेसहा लाख तरी जातील. त्यातून वाचतं काय? २०२१ चं नुकसान आजच्या भावात अडीच लाख धरू. पंधरा वर्षांत दोनदा तसंच पाणी आलं तरी पाच लाख झाले. म्हणजे दोन पूर पूर्ण सोसूनही पावणेसहा लाख वसूल होत नाहीत, आणि तोवर त्या पैशांचं व्याजही गेलेलं असतं. शिवाय घर कॉलम-बीमचं आहे की नुसत्या विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलाय, हे पत्रात नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया पाहिल्याशिवाय जॅकचा विचारसुद्धा नको.

वरच्या मजल्याचं गणित याहून वाईट आहे. एफडी पूर्ण मोडून वर पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी सात वर्षं धरलं तर हप्ता आठ हजारांच्या आसपास. मुलीची फी सुरू होईल तेव्हा हाही चालू असेल. आणि पाण्याच्या वाटेत उभ्या असलेल्या घरात तुमची सगळी पुंजी जाईल. हे मला अजिबात पटत नाही.

पण यातलं काहीही पक्कं ठरवण्याआधी एक कागद हवा, तो म्हणजे पूररेषेचा नकाशा. नगरपालिकेत किंवा जलसंपदा विभागात सिटी सर्व्हे नंबर देऊन आपलं घर कुठं येतं ते लेखी विचारा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवं बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. घर निळ्याच्या आत निघालं तर वरच्या मजल्याची चर्चा तिथंच संपली. परवानगी नसलेल्या बांधकामावर बँक कर्ज देत नाही आणि उद्या विकताना गिऱ्हाईकही त्याची किंमत धरत नाही.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे आहेत. २०२१ ला आला, आता २०४६ पर्यंत निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात चार शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी. पंधरा वर्षं राहिलात तर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात ४६, जवळपास छापा-काटा. वरचा हिशेब मी दोन पूर धरून केला तो यासाठीच.

आणि तितूरचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तापीकाठी हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले याची बातमी येते, खालच्या गावांना इशारा जातो, सामान हलवायला थोडा वेळ मिळतो. तितूर आणि डोंगरी या नद्या सातमाळ्याच्या डोंगरातून थेट गावात उतरतात. त्या रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेच पाणी खाली तुमच्या ओट्यावर आलं. हातात दिवस नसतो, तास असतात. म्हणून तुमचा खरा धोका फ्रीज नाही. रात्री दोन वाजता, लाइट गेलेली, सासूबाईंना त्या शिडीवरून वर कसं न्यायचं, हा आहे.

तेव्हा दोन लाखांतला मोठा वाटा जिन्याला. शिडी काढून धड जिना करा: रुंद पायऱ्या, बुटकी चढण, दोन्ही बाजूंनी धरायला कठडा, अर्ध्यावर टेकायला जागा, वर पावसात बसता येईल एवढं पत्र्याचं छप्पर. पालिकेत विचारून घ्या, गवंड्यांचे दोन-तीन भाव मागवा. सव्वा लाखात बसायला हरकत नाही. अर्थात गावात कुणाकडे आधीच जाता येत असेल तर गच्ची ही दुसरी वाट. ढग पाटणादेवीकडे भरून आले की संध्याकाळीच सासूबाईंना रिक्षात बसवायचं, वाट पाहायची नाही.

उरलेल्या पाऊण लाखात सगळे प्लग आणि बोर्ड साडेचार फुटांवर घ्या, खालच्या सर्किटला वेगळा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवा. फ्रीज आणि कोठ्यांखाली कडप्प्याचे कट्टे करा. संडासच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, कारण पुष्कळ घरांत पाणी दारातून येण्याआधी तिथून उलटं वर येतं. दुकानात लोखंडी अँगलचा रॅक, सगळ्यात खालचा कप्पा चार फुटांवर.

दुकानाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पत्रात तुम्ही त्याला एक ओळ दिलीय आणि माझ्या मते पैशाची खरी गोष्ट तिथं आहे. पूर ओसरला की नदीकाठच्या सगळ्या बुडालेल्या मोटारी कुठं येतात? वाइंडिंगवाल्याकडे. ज्याचं मशीन कोरडं, तार कोरडी, त्याच्यापुढे तिसऱ्या दिवशी रांग लागते. तुमचं दुकान तेव्हा दीड महिना बंद होतं असं तुम्ही लिहिलंय. तो बुडालेला धंदा वहीतल्या एक लाख नव्वद हजारांत धरलेलाच नाही! रॅकचे पंचवीस हजार मला सगळ्यात आधी वसूल होताना दिसतात.

आता विमा. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते, पूर त्यात धरलेला आहे. एजंटने तुम्हाला घराची बाजारकिंमत, ३५ लाख, टाकायला सांगितलं. ते चूक आहे. जागा पुरात वाहून जात नाही, विमा बांधकामाचा असतो. ७२० चौरस फूट गुणिले तुमच्याकडचा बांधकामाचा भाव, १,९०० धरला तर १३ लाख ६८ हजार. घरातल्या सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ७३ हजार ६०० रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं, वेगळी यादी न देता. प्रीमियम साधारण वर्षाला हजार-दोन हजारांच्या घरात असतो. जॅकवाल्याच्या साडेचार लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

प्रस्तावात २०२१ चा पूर लपवू नका, पुढच्या खोलीत दुकान आहे हेही स्पष्ट लिहा. माझ्या एका अशिलाने ‘कशाला उगाच’ म्हणून घरातली गिरणी लिहिली नव्हती, दाव्याच्या वेळी त्यावरून सहा महिने पत्रापत्री चालली.

दुकान या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी घ्यायची. आणि त्यात एक बाब बोट ठेवून लिहून घ्या: गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटारी. त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेल्या आहेत. असा माल पॉलिसीत स्पष्ट नमूद नसेल तर त्याची भरपाई मिळत नाही, आणि शेतकरी तर मोटार तुमच्याकडेच मागणार. आलेल्या प्रत्येक मोटारीचा नंबर, हॉर्सपॉवर, मालकाचं नाव रजिस्टरला, शिवाय मोबाइलवर फोटो. यजमान कंटाळतील, पण करायला लावा.

मोटरसायकलचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. आणि गाडी बुडाली तर किक मारून बघायचा मोह टाळा. पाणी शिरलेलं इंजिन सुरू करून बिघडलं की दावा अडतो.

सरकारी मदतीच्या भरवशावर राहायचं का, असंही विचारलंय. २०२२-२६ च्या राष्ट्रीय निकषांत सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर एक लाख वीस हजार होते. निदान १५ टक्के पडझड झाली तर साडेसहा हजार. कपड्यांना अडीच हजार, भांड्यांना अडीच हजार, तेही मूळ निकषाप्रमाणे घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर. तितूरचं पाणी तर सहा-आठ तासांत उतरतं. राज्य सरकार प्रसंगी अट सैल करतं, रक्कम वाढवतं, पण त्यावर घराचं अंदाजपत्रक बसत नाही. पंचनामा मात्र सोडू नका. चिखल काढण्याआधी फोटो, मग तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद.

उरलेल्या पाच लाखांच्या दोन एफडी करा. दोन लाखांची एक वर्षाची, तीन लाखांची दोन वर्षांची, मुलीच्या प्रवेशाला जुळेल अशी. बचत खात्यातले दीड लाख आहेत तिथंच, त्यातले वीस हजार जून ते सप्टेंबर घरात रोख ठेवा. लाइट आणि टॉवर गेले की यूपीआय निरुपयोगी, आणि चिखल उपसणारा माणूस मजुरी रोखच मागतो.

राहिला प्लॉट. मनातून मला तोच बरोबर वाटतो, फक्त आज नाही. नकाशात घर निळ्याच्या आत असेल तर तुमचं धोरण एकच: इथं राहायचं, पण जिन्याच्या पुढे या घरात पैसा घालायचा नाही, आणि मुलगी इंजिनिअरिंगला लागली की वर्ष-दोन वर्षांत प्लॉटकडे वळायचं. लाल रेषेच्याही बाहेर असेल तर कदाचित प्लॉटची गरजच उरणार नाही. घेताना एनएचा (बिगरशेतीचा) कागद बघालच, पण एकदा मुसळधार पावसात तिथं जाऊन उभ्या राहा. नदी सोडून नाल्यात घर बांधणारी माणसं मी जळगावात खूप पाहिलीत.

या आठवड्यात पालिकेत नकाशाचा अर्ज द्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. कपाटामागे भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ अजून दिसते असं लिहिलंत ना, बोर्ड वर घ्यायचं काम होईपर्यंत तिथं रंग देऊ नका. त्याला माप तिथूनच घ्यायचंय.