वाचकांचे प्रश्न : मगर कोणाच्या नात्यातली?

प्रश्न : देवमासा हा मासा नव्हे आणि वटवाघूळ हा पक्षी नव्हे, हे शाळेत शिकलो तेव्हाच पटले होते. मगर मात्र पालीपेक्षा चिमणीला अधिक जवळची आहे, असे अलीकडे वाचले आणि गोंधळ उडाला. जीवशास्त्रज्ञ सजीवांचे गट नेमके कशावरून पाडतात, आणि ते वारंवार का बदलतात?

उत्तर : आपला गोंधळ रास्त आहे, कारण दिसण्यातली जवळीक आणि नात्यातली जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा परका माणूस चुलतभावापेक्षाही आपल्यासारखा दिसत असला, तरी त्याला कोणी वंशावळीत बसवत नाही. आजचे वर्गीकरण ही अशीच वंशावळ असून, दोन सजीवांचा समान पूर्वज किती अलीकडचा, यावर तिच्यात नाते ठरते. मगर आणि पक्षी यांचा समान पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. पालीची शाखा त्याच्याही आधी फुटली होती.

मग मगर पालीसारखी का दिसते? कारण चार पायांवर जमिनीलगत चालणे, खवलेदार कातडी ही फार जुन्या पूर्वजाकडून आलेली लक्षणे त्या दोघींनी राखली आणि पक्ष्यांनी बरीच बदलली. जुने लक्षण टिकून राहिल्याने नाते सिद्ध होत नाही. एखाद्या शाखेत नव्याने उद्भवून तिच्या वंशजांत उतरलेले लक्षणच पुरावा ठरते. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये हा नियम काटेकोरपणे मांडला. मगरीचे हृदय पक्ष्यांप्रमाणे चार कप्प्यांचे असते, पालीचे तीन कप्प्यांचे. अर्थात सस्तन प्राण्यांचे हृदयही चार कप्प्यांचेच असते, पण ते त्यांच्यात स्वतंत्रपणे घडले. म्हणून एकाच लक्षणावर विसंबता येत नाही, आणि म्हणूनच हाडे, जीवाश्म व डीएनए यांची साक्ष एकत्र तपासावी लागते. हा नियम पाळायचा तर मगर, पाल, साप यांचा ‘सरीसृप’ हा गट, मगरीला पालीपेक्षा जवळच्या असलेल्या पक्ष्यांना वगळून करता येत नाही. पुष्कळांना हे खटकते; मला तरी त्यात तर्काची प्रामाणिकताच दिसते.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअसने १७५८ मध्ये देवमाशाला सस्तन प्राण्यांत नेले, तेव्हा उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विनचा ग्रंथ शंभर वर्षे दूर होता. लिनिअसची विभागणी साम्यावर उभी होती आणि सपुष्प वनस्पती तर तो मुख्यतः पुंकेसरांवरून वेगळ्या करीत असे. ती पद्धत मागे पडली; त्याने रूढ केलेली दोन शब्दांची नावे टिकली. वाघाला त्याने ‘फेलिस टायग्रिस’ म्हटले होते, आज आपण ‘पँथेरा टायग्रिस’ म्हणतो : पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचे नाव, बदलला; दुसरा, म्हणजे जातीचे नाव, तोच राहिला.

बदलाचे मोठे कारण म्हणजे नवी साधने. लिनिअसला प्राणी आणि वनस्पती या दोनच सजीव सृष्टी ठाऊक होत्या. रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी राइबोसोममधील (पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रचनेतील) आरएनए या डीएनएसारख्या रेणूची तुलना केली, तेव्हा जीवाणू म्हणून गणल्या गेलेल्या काही सूक्ष्मजीवांचा, म्हणजे आर्कियांचा, वंश अगदीच निराळा निघाला. वनस्पतींबरोबर अभ्यासली जाणारी कवके (बुरशी, अळंबी) प्राण्यांच्या अधिक जवळची आहेत, हेही रेणूंच्या अभ्यासातूनच पक्के झाले.

प्रश्न : ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ यांत फरक काय? वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द एकाच अर्थाने दिसतात.

उत्तर : मराठी पाठ्यपुस्तकांतील उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. त्यामुळे वाघ ही जाती, आणि वाघ, सिंह, बिबट्या ज्यात येतात ती ‘पँथेरा’ ही प्रजाती. वर्तमानपत्रे ‘दुर्मिळ प्रजाती’ लिहितात तेव्हा त्यांना बहुधा जातीच अभिप्रेत असते. आपसांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती देणारे सजीव एका जातीचे, ही व्याख्या प्राण्यांना बरीच लागू पडते. लैंगिक प्रजनन न करणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते. कुल आणि गण यांना तर तेवढाही आधार नाही : भुंगेऱ्यांचे एक कुल आणि सस्तन प्राण्यांचे एक कुल यांना एकाच मापाने मोजता येईल, अशी कोणतीही कसोटी नाही.