'विथ रिगार्ड्स टू'मधला तो एस काढ

इंग्रजी मेलमध्ये आधीच्या मुद्द्याकडे वळताना तू सरसकट 'विथ रिगार्ड्स टू' लिहितोस. तो एस आधी काढ. 'विथ रिगार्ड टू' किंवा 'ॲज रिगार्ड्स' लिही. सुटं 'रिगार्ड्स' शेवटी, सहीच्या वर. मीही कितीतरी वर्षं चुकीचंच लिहीत होतो, कुणी टोकलं नाही.

पण खरी गोम पुढच्या शब्दांत आहे. 'विथ रिगार्ड टू युवर मेल' वाचून समोरचा विचारात पडतो, मेलमधलं नेमकं काय? त्यात चार गोष्टी असतात. 'ऑन युवर पॉइंट अबाउट द डिलिव्हरी डेट' असं लिहिलंस की बोट बरोबर जागेवर पडतं. तसंच नुसतं 'धिस' नको, 'धिस डिले' म्हण.

'द फॉर्मर' (आधी सांगितलेली), 'द लॅटर' (नंतर सांगितलेली) हे दोनच गोष्टी असतील तर. तीन असल्या की सरळ नाव घे. खरं तर दोन असतानाही घे, वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधावं लागत नाही.

'ॲज फॉर' जपून वापर. 'ॲज फॉर युवर कम्प्लेंट' म्हणजे 'आता तुमच्या तक्रारीचं म्हणाल तर...', असा तिरकस सूर लागू शकतो. आणि ते 'द सेड मॅटर', म्हणजे 'सदर बाब', सरकारी कागदांनाच राहू दे.