एच की ५?

प्रश्न : मी मोर्स (ठिपके-रेघांची, आवाजानं संदेश पाठवायची लिपी) शिकते आहे. एस (तीन ठिपके), एच (चार) आणि ५ (पाच) ऐकताना हमखास गल्लत होते. ठिपके मोजेपर्यंत पुढचं अक्षर निघून जातं. काय करू?

उत्तर : ताई, आधी मोजणं सोडा. तीन, चार की पाच, हे मोजायला कानाला सवडच नसते. मीही कितीतरी दिवस एच आणि ५ मध्येच अडकलो होतो. सुटलो ते वेग वाढवल्यावर! अक्षर मिनिटाला २० शब्दांच्या वेगानं वाजवा, मात्र दोन अक्षरांमधली जागा लांब ठेवा. फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात ती हीच. त्या वेगात ठिपके सुटे राहत नाहीत. एस म्हणजे एक छोटी थाप, ५ म्हणजे लांबलेली थरथर, असा अख्खा आकारच कानावर येतो.

तिन्ही एकदम घेऊ नका. आधी एस आणि ५. ते पक्के झाले की मध्ये एच. कोख पद्धतीत, म्हणजे एकेक अक्षर वाढवत शिकण्याच्या पद्धतीत, दहापैकी नऊ अक्षरं बरोबर आल्याशिवाय नवं अक्षर घेत नाहीत, तो नियम पाळाच. क्यू आणि वाय यांचीही अशीच गल्लत होते; ते मात्र तोंडानं म्हणा (‘डा’ म्हणजे रेघ, ‘डि’ म्हणजे ठिपका) : ‘डाडाडिडा’, ‘डाडिडाडा’. भिंतीवर ठिपके-रेघांचा तक्ता असेल तर आजच काढा. डोळ्यांची ती सवय कानाला फार नडते. आणि अक्षर हुकलं, तर कागदावर जागा सोडून पुढचं ऐका.