आरव्ही ट्रिपसाठी प्लॅनर घ्यावा का?

आरव्हीची, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीची, पहिलीच ट्रिप आणि आठवडाभराचीच सुट्टी असेल, तर सगळा प्रवास प्लॅनरच्या, म्हणजे पैसे घेऊन सहल आखून देणाऱ्याच्या, हाती देऊ नका. मार्ग स्वतः आखा आणि वाटल्यास एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.

प्लॅनरने पहिल्याच बोलण्यात गाडीची लांबी, उंची, वजन विचारलं नाही, तर तिथूनच मागे फिरा. हॉटेलच्या सहली आखणारा माणूस इथे उपयोगाचा नाही. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोडच घ्या. अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब गाडी नेताच येत नाही, आणि त्या 21 फुटांत बंपरही धरतात! मोबाइलवरचा साधा नकाशा हे सांगत नाही.

नॅशनल पार्कमधल्या कॅम्पच्या बऱ्याच जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि नावाजलेल्या जागा बघता बघता भरतात. त्या सकाळी तुम्हीच लॉगिन करून बसा, त्यासाठी पैसे मोजू नका.

महिनाभराचा, अनेक राज्यांतून जाणारा प्रवास असेल, तर मात्र चांगला प्लॅनर जरूर घ्या. फक्त रोज सात-आठ तास ड्रायव्हिंग लावलं असेल तर आराखडा बदलून मागा. मुक्कामी पोहोचल्यावर गाडी लेव्हल करणं, म्हणजे सपाट उभी करणं, वीज-पाण्याची जोडणी करणं, हे नवख्याने उजेडातच उरकलेलं बरं.