थंडीआधी घर आणि बाग: सुरुवात पाण्यापासून करा

तुम्ही विचारलंय, बर्फ पडणाऱ्या भागात बाग असलेल्या घरात यंदाच राहायला आलोय, झाडांची पानं पिवळी पडायला लागलीत, कामं तर संपतच नाहीत, मग आधी काय करावं? माझ्या मते आधी पाण्याकडे बघा. जिथे पाणी अडकून गोठेल तिथून ते काढून टाका आणि जिथे मुळांना ते लागणार आहे तिथे जमीन गोठण्याआधी भरपूर द्या. बाकीची बरीच कामं आठवडाभर मागेपुढे झाली तरी बिघडत नाही.

पहिलं काम बाहेरच्या नळाचं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात बागेची रबरी नळी नळाला तशीच लावलेली राहिली. नळ बंद होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. थंडीत काहीच दिसलं नाही. वसंतात झाडांना पाणी द्यायला नळ सोडला आणि नळीतून बारीक धार येऊ लागली, बाकीचं पाणी भिंतीच्या आत. ओल बाहेर दिसेपर्यंत आतल्या खोलीतली जमीन उचलून आली होती.

होतं असं, की पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बोळा तयार होतो आणि तो बोळा व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो. पाइप तिथे फुटतो. पण बर्फ असेपर्यंत भोक बुजलेलंच असतं, म्हणून गळती कळते ती बर्फ वितळल्यावर. यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. नळी काढा, रिकामी करून आत ठेवा. घराच्या आतून त्या नळाला पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करा, मग बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि तो हिवाळाभर उघडाच ठेवा. काही नळ थंडीसाठीच बनवलेले असतात, त्यांत पाणी अडवायची जागा भिंतीच्या आत, उबेत असते. तसा नळ असला तरी नळी काढावीच लागते, कारण ती लावलेली असेल तर नळातलं पाणी निथळत नाही. तळघर, गॅरेज अशा न तापवलेल्या जागेतून जाणाऱ्या पाइपांना फोमचं वेष्टण घाला.

छपराच्या पन्हळी पानं पूर्ण गळून गेल्यावर साफ करा. झाडं घराला लागून असतील तर एकदा मध्येही. शिडीवर एकट्याने चढू नका, खाली कुणीतरी शिडी धरलेली हवी. तुंबलेल्या पन्हळीत पाणी गोठतं आणि ओझ्याने ती खाली ओढली जाते. छपराच्या कडेला बर्फाचे बांध होतात ते मात्र बहुतेक वेळा पन्हळीमुळे नाही, तर माळ्यावर घरातली ऊब झिरपते म्हणून. वरचा बर्फ त्या उबेने वितळतो, पाणी खाली ओघळतं, थंड कडेपाशी पुन्हा गोठतं आणि मागे तुंबलेलं पाणी छपरातून आत शिरतं. म्हणून माळ्याच्या दाराच्या, पाइपांच्या, वायरींच्या कडेच्या फटी बुजवा. मी तरी खिडक्यांच्या आधी या फटींकडे बघेन.

घर तापवणाऱ्या यंत्राची तपासणी आणि चिमणी असेल तर तिची सफाई जाणकाराकडून करून घ्या. जळण नीट जळलं नाही की निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लावा आणि बटण दाबून तपासा. या वायूला वास नसतो, रंग नसतो. यात चालढकल करू नका, कळकळीने सांगतोय.

आता बाग. सदाहरित झाडं हिवाळ्यातही पानांतून पाणी गमावतात आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते भरून काढता येत नाही. वसंतात करपलेली दिसणारी कितीतरी झाडं थंडीने नव्हे, तहानेने गेलेली असतात. म्हणून पाऊस कमी झाला असेल तर जमीन कडक होण्याआधी त्यांना सावकाश, खोलवर पाणी द्या, यंदा लावलेल्या रोपांना तर नक्कीच. कुंड्यांचं उलट आहे. मातीची कुंडी पाणी शोषते, ते गोठलं की तिचे पापुद्रे निघतात किंवा ती तडकते. रिकाम्या करून कोरड्या जागी ठेवा.

पालापाचोळा टाकून देऊ नका. हिरवळीवर जाड थर राहिला तर खालचं गवत कुजतं, तेव्हा तिथून उचला, बारीक करा आणि वाफ्यांवर पसरा. रोग पडलेल्या झाडाची पानं मात्र वेगळी काढा. नाजूक झाडांच्या बुंध्याशी ५ ते ८ सेंटीमीटर आच्छादन पुरे, पण खोडाला चिकटवू नका. जमीन थंडावल्यावर ते घालणं चांगलं, म्हणजे मातीचं गोठणं-वितळणं सारखं होत नाही आणि मुळं वर उचलली जात नाहीत.

कात्री हातात घ्यायचा मोह होईल, तो आवरा. लायलॅक, फोर्सिथिया या वसंतात फुलणाऱ्या झुडपांच्या पुढच्या वसंतातल्या कळ्या आत्ताच फांद्यांवर तयार आहेत. छाटणी केलीत तर फुलंच कापाल. शिवाय छाटल्यावर कोवळी फूट आली, तर ती पहिल्या गारठ्यात जळते. मोडक्या, वाळक्या फांद्या तेवढ्या काढा. फुलझाडांच्या वाळक्या काड्याही उभ्या राहू द्या, पोकळ काड्यांत कितीतरी कीटक हिवाळा काढतात.

कंदांत दोन तऱ्हा आहेत. ट्युलिप, डॅफोडिल आत्ता जमिनीत जातात, कंदाच्या उंचीच्या दोन-तीनपट खोल, टोक वर. ट्युलिपला फुलायला १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागतेच. डेलियाला मात्र गोठलेली जमीन सोसत नाही. पहिल्या कडाक्याने पाला काळा पडला की कापा, कंद उकरा, काही दिवस सुकवा आणि कोरड्या भुशात ४ ते ७ अंशांच्या जागी ठेवा. तोवर उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली घरातली झाडं आत आलेली हवीत. रात्रीचं तापमान १० अंशांपर्यंत उतरू लागलं की आणा, आणण्याआधी पानांच्या खालच्या बाजूला कीड बघा.

आणि घरातल्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आज रात्रीच शोधा. त्या दिवशी आमच्या भिंतीत पाणी वाहत होतं आणि तो कुठे आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो फिरतो का ते पाहा, त्याला ठळक चिठ्ठी बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, तिथे नेऊन दाखवा.