गाडी सीज आणि इंजिन सीज, शब्द एकच का?

प्रश्न असा आलाय की हप्ते थकले की गाडी 'सीज' करतात आणि ऑइल संपलं की इंजिनपण 'सीज' होतं, तर हा शब्द एकच का, आणि मराठीत काय म्हणायचं?

हो, एकच, इंग्रजी 'seize'. मूळ अर्थ धरणं, पकडणं. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथं जमिनीचा ताबा देण्या-घेण्याच्या कायद्यात त्याचं चांगलंच बस्तान होतं. पोलिसांचं सीज करणं म्हणजे आपलं जप्त करणं, बातमीत 'मुद्देमाल हस्तगत' छापतात तेच. पण जप्त आणि सरकारजमा एक नाही हां, लोक सर्रास घोळ करतात. जप्त वस्तू पंचनामा करून ताब्यात ठेवतात, कोर्टाच्या आदेशानं ती परत मिळू शकते, सरकारजमा झाली की मालकीच गेली. घरदार, जमीन असेल तर 'टाच आणली' म्हणा, आणि हप्तेवाल्या गाडीला लोकांनी आधीच मस्त शब्द काढलाय, 'फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली'.

आता इंजिन. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो गेला की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये असा घट्ट धरला जातो की किकवर उभं राहिलात तरी ती खाली जात नाही. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरना ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं, तिथं कंजुषी केली की मेकॅनिककडे जाऊन सिलिंडर बोअर करा, म्हणजे आतून कोरून रुंद करा, आणि त्यात ओव्हरसाइज (मोठ्या मापाचा) पिस्टन टाका, हे ठरलेलं. त्यामुळे कुणी नुसतं 'गाडी सीज झाली' म्हणालं तर आधी विचारा, हप्ता राहिला का ऑइल! मराठीत इथे 'जाम झालं' चालतंच, आणि शरीराच्या बाबतीत तर आपलं धरणे अगदी फिट्ट बसतं, मान धरली, कंबर धरली, इंग्रजीतपण पाठ आखडली की हेच क्रियापद येतं.

फिट किंवा आकडी येते त्याला डॉक्टर 'सीझर' म्हणतात, ते नामही यातूनच बनलेलं. आपल्याकडे 'सिझर झालं' म्हणजे बाळंतपणाचं ऑपरेशन, म्हणून फोनवर निरोप देताना सरळ फिट आली म्हणावं.

बाकी संधी असेल तर साधतात, सत्ता बळकावतात, शहर काबीज करतात, प्रत्येकाला वेगळं क्रियापद तयार आहे, उगाच सगळीकडे जप्त चिकटवू नका. विशेषतः कोर्टाच्या इंग्रजीत 'कोर्ट इज सीज्ड ऑफ द मॅटर' असं येतं, त्याचा अर्थ प्रकरण कोर्टापुढे विचाराधीन आहे एवढाच, कोर्टानं काहीही जप्त केलेलं नसतं. इथे तो जुना ताब्याचा अर्थ अजून जिवंत आहे.

आणि चॅनेलवाले 'सीजफायर' लिहितात त्यातला सीज हा नव्हेच, तो थांबण्याचा शब्द 'cease', उच्चार सीस. किल्ल्याला वेढा घालतात तो सीज (siege) तिसराच.