दुसरा साठा

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची, तुझ्या गावात कशामुळे काय होतं ते बाणांनी दाखवणारी आकृती मिळाली. आकृती टेबलावर पसरून दोन दिवस पाहत होते. बाण मोजले, 43 भरले. पाऊस, बोअर, ऊस, लाईटचं वेळापत्रक, सोसायटीचं कर्ज, दारू, स्थलांतर, मुलींची लवकर उरकली जाणारी लग्नं, सगळं एका कागदावर आलंय. तीन महिन्यांत तू गावात किती कान देऊन बसली असशील ते दिसतं. आता पुढे काय करू, असं विचारलंयस. पुढे जाऊ नकोस, थोडी मागे ये.

त्यातले 35 बाण बाजूला ठेव आणि एकच प्रश्न धर: मार्च संपता संपता गावात टँकर का लागतो? सिस्टीम डायनॅमिक्समध्ये, म्हणजे काय साचतं, काय वाहतं आणि एकातून दुसरं कसं घडतं याचा हिशेब मांडायच्या आपल्या शास्त्रात, आपण गावाचं मॉडेल करत नसतो, गावाच्या एका अडचणीचं करतो. अख्खं गाव मांडायला गेलं की प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीला जोडलेली दिसते आणि त्या चित्रातून काहीच ठरत नाही.

मग साठा शोध. जे साचतं आणि ओसरतं, गाव या क्षणी जागच्या जागी थांबवलं तरी जे मोजता येईल, तो साठा. जमिनीखालचं पाणी हा साठा, पाझर ही आवक, उपसा ही जावक. हे तुला ठाऊक आहे, पण तू त्यावर आकडे घातलेले नाहीस. पेन्सिल घे. शिवार 1000 हेक्टरचं समज, पाऊस 500 मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, म्हणजे शिवारावर पडलं 500 कोटी लिटर. आपला काळा पाषाण पाणी फार धरत नाही, भेगांत आणि मुरमात जिरेल तेवढंच. दहा टक्के मुरलं असं धर: 50 कोटी लिटर. आता जावक. गावात 2000 माणसं, जल जीवन मिशनच्या मापानं माणशी रोज 55 लिटर. वर्षाचे झाले 4 कोटी. आणि ऊस? पावसाखेरीज वरून दीड मीटर पाणी दिलं, तर हेक्टरी दीड कोटी लिटर. वीस हेक्टर ऊस असेल, म्हणजे साधारण 50 एकर, तर 30 कोटी.

हे आकडे समजुतीसाठी घेतलेत, तू तुझ्या गावचे घाल. पण बघ, शिवारातली दोन टक्के जमीन मुरलेल्या पाण्यातलं साठ टक्के पिते आणि सगळ्या गावाची तहान आठ टक्क्यांत भागते. तरी एप्रिलमध्ये हंड्यांची रांग लागते, कारण पिण्याच्या पाण्याची विहीर आणि उसाचं बोअर एकाच साठ्यावर बसलेत आणि विहिरीचा झरा वर आहे, बोअरचा पाइप खाली.

इथपर्यंत बरेच जण येतात. मग ‘ऊसवाले हावरट’ असं म्हणून वही मिटतात. तू मिटू नकोस. या शास्त्राची सुरुवात नेमकी इथून झाली आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक जे. फॉरेस्टर 1950 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांशी बोलत होते. केंटकीतल्या त्यांच्या कारखान्यात कधी तीन पाळ्यांत काम चाले, तर कधी निम्मे कामगार घरी बसवले जात. सगळे म्हणत, बाजारच तसा आहे. फॉरेस्टरनी वहीत पेन्सिलीनं हिशेब मांडला. मागणी स्थिर धरली तरी चढउतार येतच होते. माल किती ठेवायचा आणि माणसं कधी घ्यायची, या कारखान्याच्या स्वतःच्या नियमांतूनच ते उठत होते. कोणी मूर्ख नव्हतं, कोणी लबाड नव्हतं. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या खुर्चीवरून बरोबरच होता. मला या विद्येची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे. गावात दोषी शोधायला गेलीस तर रोज एक सापडेल, आणि पाणी खालीच जात राहील.

आता मी कुठे अडले ते सांगते. बालाघाटच्या डोंगराखाली एका गावात आम्ही काम करत होतो. माझं मॉडेल तेव्हा साधं होतं: पाणी खाली गेलं की लोक बोअर मारतात, बोअर वाढले की पाणी आणखी खाली जातं. म्हणजे चांगला पाऊस झाला की बोअर थांबायला हवेत. कॉम्प्युटरवर थांबत होते. गावात थांबत नव्हते. भरपूर पावसाच्या सालीही बोअर मारणाऱ्या गाड्या येतच होत्या. मला वाटलं आमची मोजणीच चुकली.

समाजमंदिरात बैठक होती. मी खडूनं फरशीवर एक मोठा रांजण काढला, वरून पडणारी धार, खालून निघणाऱ्या नळ्या. पुढे पुरुष मांडी घालून, दाराजवळ सात-आठ बाया. बराच वेळ झाल्यावर त्यांतली एक, दोन एकरांची मालकीण, जागेवरूनच म्हणाली, ‘‘बाई, तुमच्या चित्रात गाडीचा आवाज कुठंय?’’

मला कळलं नाही. ती म्हणाली, ‘‘बोअरची गाडी रातच्याला येती. आवाज साऱ्या शिवारात जातो. आवाज आला की आमच्या ह्यांना झोप नाही. शेजाऱ्याला पाणी लागलं म्हंजे आपलं गेलं म्हणतात. सकाळी माझी पोत सोनाराकडं.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘बोअर फेल गेलं तरी पोत येत नाही. अन् लागलं तरी ऊस लावल्याबिगर येत नाही.’’

मी खडू तिच्या हातात दिला. तिनं बोअरपासून बोअरपर्यंत एक बाण काढला, पाण्याच्या पातळीला न शिवणारा. मग रांजणाच्या शेजारी दुसरा लहान रांजण काढला आणि म्हणाली, ‘‘ह्यो कर्जाचा.’’

मी वर्षभर त्या मॉडेलवर बसले होते आणि हा दुसरा साठा मला दिसला नव्हता. पाण्याचा रांजण एका चांगल्या पावसाळ्यात बराचसा भरतो. कर्जाचा रांजण एका पावसाळ्यात उतरत नाही. म्हणून पाऊस बरा झाला की कर्जातला माणूस आधी ऊस वाढवतो, कारण हातात रोख आणणारं तेच एक पीक आहे आणि यंदा पाणीही आहे. चांगलं सालच पुढच्या टंचाईची पेरणी करून जातं. हा बाण घातल्यावर मॉडेल पहिल्यांदा गावासारखं वागायला लागलं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट घे. बैठकीला कोण नाही, ते आधी बघ. बायकांची बैठक वेगळी घे, आणि पहिली घे. भूमिहीनांच्या वस्तीवर संध्याकाळी सातनंतर जा, त्याआधी माणसं कामावरून आलेली नसतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. ती गेल्यावर केलेल्या मॉडेलमध्ये उचल घेऊन कोयत्याला जाणाऱ्यांचं कर्ज येणारच नाही. टेबलाशी कोण नाही यानं काय होतं, त्याचं एक उदाहरण बघ. फॉरेस्टर यांचं शहरांवरचं पुस्तक 1969 साली आलं. बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्या सोबतीनं, शहर चालवलेल्या माणसांशी बोलून त्यांनी ते मॉडेल रचलं होतं. स्वस्त घरं बांधल्यानं शहराची दुरवस्था वाढते, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि मोठं वादळ उठलं. टीकाकारांनी एक गोष्ट बरोबर पकडली: मॉडेलची वेस शहराच्या हद्दीवर संपत होती, भोवतालची उपनगरं त्यात नव्हतीच. मला वाटतं, त्या घरांत राहणारी माणसं टेबलाशी असती तर वेस वेगळी पडली असती. तुझी वेस गावाच्या शिवेवर संपवू नकोस. साखर कारखाना आणि सावकार शिवेबाहेर असले तरी ते त्या रांजणाच्या तोंडाशी बसलेत.

दुसरी चूक मला अजून सलते, तीही सांगते. मॉडेल नीट जमल्यावर मी दुसऱ्या एका गावात प्रोजेक्टर घेऊन गेले. असंच चाललं तर सहा वर्षांत विहिरी कोरड्या, असा आलेख भिंतीवर दाखवला. लोक गप्प झाले. मला वाटलं, पटलं. त्या उन्हाळ्यात तिथे आधीच्या कुठल्याही उन्हाळ्यापेक्षा जास्त बोअर पडले. पाणी संपणार म्हणून बाईंनी सांगितलं, मग संपायच्या आत आपलं काढून घ्या. ज्या भीतीवर तो फेरा फिरत होता, तीच मी वाढवून आले होते. तेव्हापासून मी एकटा आलेख कधी दाखवत नाही. आधी लोकांच्या हातात बदलता येण्यासारखं काहीतरी देते, मग तो बदल केला तर रेघ कुठे वळते ते त्यांनाच काढायला लावते.

बदलण्यासारखं काय, हे ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडे बघ. विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पुरंदरमधल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर न देता माणशी दिलं: दरडोई अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला मनाई होती, भूमिहीनालाही वाटा होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ज्याची जमीन मोठी त्याचा उपसा मोठा’ हा बाणच त्यांनी तोडला. हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या सरपंचकीत शेतीसाठीच्या बोअरवर बंदी घातली आणि दर वर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली. साठ्यात किती आहे हे रब्बी पेरायच्या आधी सगळ्यांना एकदम कळतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून अंदाज बांधावा लागत नाही. शासनाचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरी शेतीसाठी नको म्हणतो. पण रात्रीच्या गाडीला अंधारात कोणी अडवत नाही. भीती आणि कर्ज जागच्या जागी ठेवून नुसती खोली मोजणारा नियम टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठिबक आणि शेततळं तू उपायांच्या यादीत वर घातलंयस. जपून. ठिबकनं वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं तर बचत. त्यावर आणखी दोन एकर ऊस वाढला तर काय वाचलं? शेततळ्यात पावसाचं पाणी अडवलं तर चांगलंच. पण प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात बोअरचं पाणी भरून ठेवलं, तर सगळ्यांच्या रांजणातलं काढून एकानं आपल्या अंगणात उन्हात ठेवल्यासारखं आहे. तुझ्या गावातली शेततळी मोज आणि ती कशानं भरतात ते विचार. शेततळ्याचा बाण तुझ्या आकृतीत उलट्या दिशेला आहे, असा मला संशय आहे.

सॉफ्टवेअरची घाई करू नकोस. अशी मॉडेलं करायच्या वेन्सिम या सॉफ्टवेअरची शिकण्यापुरती आवृत्ती फुकट मिळते, ती पुढच्या महिन्यात पुरेल. आधी दर पंधरा दिवसांनी दहा विहिरींची पातळी मोजायला लाग. दोरीला दगड बांधून शाळेतली मुलंही मोजतील. त्यासोबत एक वही कर: कोणत्या रात्री गाडी आली, कोणाच्या रानात, किती फूट, पैसे कुठून आणले. नावं त्या वहीत लिहू नकोस, खुणा कर; सोनाराकडे काय ठेवलं हे बाई तुला विश्वासानं सांगते.

पहिली बैठक दसऱ्याच्या आत घे, रब्बीचं बी घरात यायच्या आधी. रांजण दोनच काढ आणि दुसऱ्याला नाव देऊ नकोस, ते त्यांना देऊ दे. खडू जाड घे, सारवलेल्या जमिनीवर बारीक खडू उमटत नाही. बैठक झाली की जमिनीवरच्या चित्राचा फोटो पाठव.

तुझी,
ताई